फडाचा धडा

उन्हाळ कांद्याचे दिवस आले की नामपूरच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. बागलाण तालुक्यातील हे मोठे बाजाराचे गाव. मोसम खोऱ्यातला आणि काटवन परिसरातला शेतकरी आपला माल घेऊन येथे येतो. कांद्याचा भाव हा येथील संभाषणाचा पहिला विषय असतो आणि पाणी हा दुसरा. हरणबारी धरणाचे आवर्तन केव्हा सुटणार, सुटलेले पाणी नदीपात्रातून खालच्या गावांपर्यंत पोहोचणार की वाटेतच उपसले जाणार, विहिरी वैशाखापर्यंत टिकणार की फाल्गुनातच तळ दाखवणार, हे प्रश्न येथे दरवर्षी विचारले जातात. त्यांची उत्तरे कधी तहसील कचेरीत शोधली जातात, कधी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात आणि कधी लोकप्रतिनिधीच्या दारात. ज्या नदीच्या काठी हे प्रश्न उभे आहेत, त्याच नदीच्या काठी त्यांचे एक उत्तर कित्येक पिढ्या नांदत होते, याची आठवण मात्र आता फार थोड्यांना उरली आहे. त्या उत्तराचे नाव 'फड'.

साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून उतरणारी मोसम नदी नामपूरवरून वाहत जाऊन मालेगावजवळ गिरणेला मिळते. या मोसमवर, शेजारच्या आरमवर आणि धुळे जिल्ह्यातील पांझरेवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीची शेती होत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, ते फड. एका फडात एकच पीक. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पिके आणि कोणता फड पड ठेवायचा, याचा निर्णय एकट्यादुकट्याने घ्यायचा नाही, गावाने बसून घ्यायचा. पुढच्या वर्षी हा क्रम बदलायचा. त्यामुळे जमिनीला विसावा मिळे, पाण्याचा अंदाज बांधता येई आणि एकाच्या उसाचे पाणी दुसऱ्याच्या गव्हात शिरण्याचा प्रश्न उरत नसे. वापरून उरलेले पाणी चरांवाटे पुन्हा नदीला मिळे आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्यावर कामी येई.

या व्यवस्थेचे खरे मर्म दगडी बांधकामात नव्हते. ते होते तिच्या नियमांत. शेताला पाणी शेतकऱ्याने स्वतः द्यायचे नाही, ते पाटकऱ्याने द्यायचे. पाटकरी हा गावाने नेमलेला माणूस. त्याचा मोबदला गावाने धान्यरूपाने द्यायचा आणि त्याने मोठ्या-लहानाचा मुलाहिजा न ठेवता पाळी सांभाळायची. पिकाची आणि पाटाची राखण जागल्याने करायची. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला घराघरातून माणूस आलाच पाहिजे. एकाच कुटुंबाची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. म्हणून एखादा फड कोरडा राहिला तर तो कोणा एकाच्याच वाट्याला येत नसे. पाऊस कमी झाला की पाण्याखालचे क्षेत्र कमी करायचे आणि जे थोडके पाणी आहे ते ठरलेल्या फडालाच द्यायचे, हा दंडक होता. टंचाई वाटून घ्यायची असते, हे सूत्र आज आपण परिसंवादांतून ऐकतो. मोसमकाठच्या माणसाने ते आपल्या वहिवाटीतच बसवले होते.

याचा अर्थ जुने ते सर्व सोने, असा आम्ही काढत नाही. भूतकाळाचे निव्वळ गोडवे गाणे हा अभ्यासाला पर्याय नव्हे. फडाचा लाभ ज्याची जमीन फडात, त्यालाच होता. भूमिहीन शेतमजुराला पाण्यावर हक्क नव्हता. खोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर राहणाऱ्या वनवासी बांधवांच्या शेतापर्यंत तो पाट कधी गेला नाही. पाण्याच्या बैठकीत घरातल्या स्त्रीचा आवाज नव्हता, मग तिने दिवसभर त्याच शेतात राबलेले असले तरी. परंपरेकडे पाहताना तिचा अभिमान आणि तिच्या उणिवांची जाणीव या दोन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात. पहिली नसेल तर आपण परभृत होतो, दुसरी नसेल तर जड होतो.

येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. लोकांनी अनुभवातून सिद्ध केलेले असे ज्ञान राज्याच्या धोरणापर्यंत पोहोचते का? पोहोचत असेल तर कोणत्या वाटेने? पाण्यासंबंधी हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही, नाशिक जिल्हा पुरेसा आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या नोकरीचा आरंभ १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात केला तो याच भागात, प्रथम नाशिक आणि मग खानदेश जिल्ह्यात. धुळे जिल्ह्यात दातर्ती येथे पांझरेच्या पाण्याचा पाट ओढ्यापलीकडे नेण्यासाठी नळांचे काम करताना या तरुण अभियंत्याची कसोटी लागली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, त्यांत पिकांचा फेर ठेवायचा आणि पाणी थोड्या गावांत न मुरवता अनेक गावांत फिरवायचे, ही तिची मूळ कल्पना. पांझरा-मोसमच्या फडाशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. ज्याने पाटाच्या काठी उभे राहून पाणी पाहिले, त्याच्या कागदावरच्या योजनेतही गावाला ओळखीचे काही उमटते.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. राज्याने धरणे बांधली आणि ती बांधणे आवश्यकही होते. धरणाबरोबर पाण्याची मालकी गावाकडून खात्याकडे गेली. पाळी कोणाची, हे पूर्वी चावडीवर ठरत असे, ते आता कार्यालयात ठरू लागले. पाटकरी गावाला बांधील होता, कालवा निरीक्षक वरिष्ठांना बांधील झाला. दुसरीकडे विजेचा पंप आला आणि ज्याच्याकडे पैसा, त्याने विहीर खोल केली. सामूहिक नियमाची गरज वाटेनाशी झाली, कारण प्रत्येकाला वाटू लागले की आपले पाणी आपल्या बांधाच्या आत आहे. भूगर्भातल्या पाण्याला बांध नसतो, हे कळेपर्यंत एक पिढी उलटून गेली.

अशा वेळी काही अभ्यासकांनी उलट्या दिशेने चालायचे ठरवले. अभियंते के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या सिंचनव्यवस्थांचा पद्धतशीर अभ्यास केला. जे लोक शिकलेले नाहीत असे आपण समजतो, त्यांनी शतकानुशतके पाणीवाटप कसे सांभाळले, भांडणे कशी मिटवली, दुरुस्तीचा खर्च कसा वाटला, हे प्रश्न घेऊन ही मंडळी बंधाऱ्यांवर गेली. त्या अभ्यासातून निघालेले प्रमेय साधे होते. पाणी मोजून द्या, ते व्यक्तीला न देता संस्थेला द्या आणि वाटपाची जबाबदारी संस्थेवर टाका. हे प्रमेय कपाटात राहिले नाही, याचे श्रेय ज्यांनी ते शेतात उतरवून पाहिले त्यांना जाते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मुळा प्रकल्पाच्या एका वितरिकेवर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पाणीवापर संस्था उभी राहिली. पाठोपाठ पुण्यात 'सोपेकॉम' ही अभ्याससंस्था स्थापन झाली आणि नाशिक जिल्ह्यात ओझरचा प्रयोग सुरू झाला.

ओझरची हकीकत प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावी अशी आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचा कालवा निफाड तालुक्यातील ओझरपर्यंत येतो. नकाशावर ओझरची जमीन ओलिताखाली होती, प्रत्यक्षात टेलच्या शेतकऱ्याला पाणी दिसत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने मोर्चा-निवेदनांच्या पलीकडचा मार्ग धरला. कालव्याची पाहणी करून पाणी कोठे मुरते, कोठे पळते, कोणाला किती मिळते याची मोजदाद झाली. तिच्या आधारावर १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. अभ्यासक, कार्यकर्ते, शेतकरी आणि खात्यातील समंजस अधिकारी एका टेबलाशी बसले. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, संस्थेला मिळू लागले. कोणते पीक घ्यायचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला राहिले. संस्थांनी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून विहिरींना पाझर दिला. कालव्याचे पाणी आणि विहिरीचे पाणी हे एकाच हिशेबातले दोन रकाने आहेत, ही गोष्ट ओझरच्या शेतकऱ्याने व्यवहारात आणली. पुढे हा विचार संपूर्ण वाघाड प्रकल्पावर पसरला आणि २४ पाणीवापर संस्थांनी मिळून प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. जेथे पूर्वी टेलला पाणी पोहोचत नव्हते, तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

याच काळात राज्याच्या पातळीवरही मंथन चालू होते. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली १९९५ मध्ये नेमलेल्या जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. पाण्याचा विचार खोऱ्या-उपखोऱ्यांनुसार व्हावा आणि व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग असावा, हा त्या अहवालाचा आग्रह होता. अखेर २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. पाणीवापर संस्थेला मोजून पाणी मिळण्याचा हक्क, पीक निवडीचे स्वातंत्र्य, संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना स्थान आणि महिलांना जागा, या तरतुदी त्यात आल्या. मोसमच्या फडापासून ओझरमार्गे विधिमंडळापर्यंत असा हा प्रवास आहे. फडात जो दोष होता, स्त्रियांना स्थान नसणे, तो कायद्याने काही अंशी दूर करण्याचा प्रयत्न केला. परंपरेतून घ्यावे आणि घेताना तिला सुधारावे, ते असे.

आता या गोष्टीचा दुसरा भाग सांगितला पाहिजे, कारण तो सांगितला नाही तर हे लेखन अभिनंदनाच्या ठरावासारखे होईल. कायदा झाला आणि आपल्याकडे कायद्याचे जे नेहमी होते तेच झाले. ओझरमध्ये आधी माणसे जोडली गेली, मग मोजणी झाली, मग संस्था झाली आणि शेवटी कायदा आला. राज्यात अन्यत्र हा क्रम उलटा झाला. आधी कायदा, मग उद्दिष्ट, मग उद्दिष्टपूर्तीसाठी कागदावर संस्था. अनेक ठिकाणी मोजमापाची साधने बसली नाहीत किंवा बसलेली बंद पडली, चाऱ्यांची दुरुस्ती न करताच त्या संस्थांच्या गळ्यात मारण्यात आल्या आणि मग संस्था चालत नाहीत, शेतकऱ्यांनाच स्वारस्य नाही, असा निष्कर्ष काढून यंत्रणा मोकळी झाली. धोरणाचा सांगाडा उचलला गेला, ज्या परिश्रमातून त्यात प्राण आला होता ते परिश्रम मात्र मागेच राहिले.

मोजणीविषयीची आपली अनास्था किती खोल आहे, हे २०१२ मध्ये उभ्या महाराष्ट्राने पाहिले. राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून दहा वर्षांत सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले, असे दिसत होते. त्यावरून वादळ उठले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर शासनाने श्वेतपत्रिका काढली आणि ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. पुढे चितळे यांच्याच अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले. भ्रष्टाचाराची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्या मते त्याहून चिंतेची गोष्ट ही की, देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या राज्याला आपल्या किती शेतात पाणी पोहोचले, याचा निर्विवाद आकडा देता आला नाही. ज्याचा हिशेब नाही त्याचे धोरण काय ठरवणार? गावच्या पाटकऱ्याला आपल्या पाटाखाली किती रान भिजले हे विचारले असते, तर त्याने दोन उत्तरे दिली नसती.

हा अनुभव केवळ पाण्यापुरता नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांनी प्रथम गावोगावच्या बालमृत्यूंची मोजणी केली. मग गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली. नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींच्या माध्यमातून ही पद्धत देशभर स्वीकारली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद गावासमोर मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरवण्याची प्रथा पाडली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे शास्त्र आणि ग्रामसभेचा निर्णय यांची तेथे सांगड घातली गेली. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा विचार मांडला. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न ठेवता माणशी ठेवायचा, भूमिहीनालाही त्यात वाटा द्यायचा आणि उसाला पाणी द्यायचे नाही, हे त्यांचे नियम. फडात जी उणीव होती, तिचे उत्तर नायगावने शोधले होते. या सर्व ठिकाणी सूत्र एकच दिसते. अभ्यासकाने लोकांना विषय न समजता सहकारी समजले आणि लोकांनी अभ्यासाला कागदी घोडे न समजता आपले हत्यार समजले.

जगानेही ही गोष्ट उशिरा का होईना मान्य केली. सामाईक साधनसंपत्ती एक तर शासनाने ताब्यात घ्यावी किंवा खासगी मालकीची करावी, तिसरा मार्ग नाही, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ मानले जात असे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने स्पेन, फिलिपाईन्स, जपान, स्वित्झर्लंड आदी देशांतील गावांचे दाखले तपासून दाखवून दिले की लोक स्वतः नियम करून अशी संपत्ती पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाली बेटावरील 'सुबक' ही पाणीवाटपाची व्यवस्था, जिचा देवळांशी आणि पूजाविधीशी निकटचा संबंध आहे, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. बागलाणचा साल्हेर किल्लाही २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून त्या यादीत आला, याचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. त्याच साल्हेरच्या परिसरातून खाली आलेल्या पाण्याचे वाटप ज्या बुद्धीने केले गेले, तो वारसा मात्र डोळ्यांदेखत विरत चालला आहे. किल्ल्याचे दगड पुन्हा रचता येतात. पाळी कशी लावायची हे जाणणारा शेवटचा पाटकरी गेला, की त्याच्याबरोबर गेलेले ज्ञान कोणत्याही निधीने परत आणता येणार नाही.

म्हणून नामपूरपुढचा प्रश्न आज तातडीचा आहे. बंधाऱ्यांत गाळ साचला आहे, फडांत ज्याचे त्याचे पीक आहे आणि विहिरींची जागा अनेक ठिकाणी कूपनलिकांनी घेतली आहे. कांदा आणि डाळिंब यांनी या भागाला पैसा दिला हे खरे, आणि शेतकऱ्याने पुन्हा जुन्या पिकांकडे वळावे असे सांगणे हा उद्दामपणा ठरेल. त्या पैशाच्या मागे किती पाणी गेले आणि उद्यासाठी किती उरले, याचा हिशेब मात्र कोणीतरी मांडला पाहिजे. तो हिशेब मुंबई-पुण्याच्या सल्लागार संस्थेने चार दिवसांच्या दौऱ्यावर लिहिलेल्या अहवालातून होणार नाही. संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाची चित्रे पाहूनही तो पुरा होणार नाही, जरी ती चित्रे उपयोगी असली तरी.

आमची सूचना अशी आहे. मोसम खोऱ्याचा एक लोकाभ्यास व्हावा आणि तो खोऱ्यातल्या माणसांनीच करावा. नामपूर-सटाणा परिसरातील महाविद्यालयांतून भूगोल, अर्थशास्त्र, शास्त्र शिकणारी मुले-मुली दरवर्षी प्रकल्पाच्या नावाखाली कोठून तरी उतरवलेली पाने सादर करतात. त्याऐवजी त्यांनी आपल्या गावच्या बंधाऱ्याचा, पाटाचा आणि फडाचा नकाशा काढावा. विहिरी मोजाव्यात आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर त्यांची पाणीपातळी लिहून ठेवावी. जुन्या पाटकऱ्यांना भेटून पाळीचे नियम टिपून घ्यावेत. डोंगराकडच्या पाड्यांवर आणि भूमिहीन वस्त्यांवर जाऊन पाण्याची त्यांची गरज काय, हेही नोंदवावे, म्हणजे जुन्या व्यवस्थेचा जुना दोष पुन्हा गिरवला जाणार नाही. घरचे पाणी भरणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण टंचाईचा पहिला दिवस कोणता हे त्यांना सर्वांआधी कळते. भूजल यंत्रणेने शास्त्राची आणि पाटबंधारे खात्याने आपल्या आवर्तनांच्या नोंदींची जोड द्यावी. हे सारे मराठीत, गावाला समजेल अशा भाषेत, दरवर्षी ग्रामसभेत वाचले जावे. ज्या अभ्यासाचा विषय गाव आहे, त्याचा पहिला वाचकही गावच असला पाहिजे.

त्यानंतरच शासनाकडे जावे आणि हक्काने जावे. हरणबारीचे पाणी मोजून संस्थांना द्या, बंधाऱ्यांची दुरुस्ती करून मगच हस्तांतरण करा, वरच्या आणि खालच्या गावांच्या संस्थांना एकत्र बसण्याचे अधिकृत स्थान द्या, अशा मागण्या आकड्यांच्या आधाराने केल्या की त्या सहजासहजी टाळता येत नाहीत. हातात केवळ निवेदन असलेल्या शेतकऱ्याला उद्या या म्हणून सांगता येते. हातात पाच वर्षांच्या नोंदी असलेल्या गावाला तसे सांगणे कठीण जाते, हे ओझरने दाखवून दिले आहे.

या कामात अडचणी येणार नाहीत असे नाही. विहिरींची मोजणी सुरू झाली की ज्याचा उपसा सर्वाधिक, तो अस्वस्थ होईल. तो बहुधा गावातला वजनदार माणूस असेल आणि कदाचित आपल्याच बैठकीत पुढच्या रांगेत बसणारा असेल. नेमकी तेथेच आपल्या सामाजिक निष्ठेची परीक्षा आहे. समाज एकसंध व्हावा असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या गावाने, मोठ्या बागाईतदाराने आणि अर्ध्या एकराच्या धन्याने, पाळीचा एकच नियम पाळणे हे त्या एकसंधतेचे खरे माप आहे. शासनाला दोष देऊन हे साधणार नाही, आणि शासनावाचूनही साधणार नाही.

अभ्यास म्हटले की कार्यकर्त्याला तो कामातला खोळंबा वाटतो आणि कार्यकर्ता म्हटले की अभ्यासकाला तो भावनेचा उमाळा वाटतो. ही दरी जेथे बुजली, तेथेच काही टिकाऊ घडले, मग ते ओझर असो, नायगाव असो की गडचिरोली. मोसमच्या पाटकऱ्याने हे दोन्ही एका देहात सांभाळले होते. तो पाणी मोजणारा होता आणि पाणी पोहोचवणाराही होता. येत्या हंगामात आवर्तन सुटण्याची वाट पाहत असताना नामपूरच्या तरुणांनी गावातल्या अशा एखाद्या वृद्ध पाटकऱ्याचे घर शोधावे आणि वही-लेखणी घेऊन त्याच्यासमोर बसावे. मोसम खोऱ्याच्या पाणीधोरणाचे पहिले पान तेथे लिहिले जाईल.